सशाने घर पोखरलंय? आधी या चुका टाळा

पिल्लू घरात येतं तेव्हा सगळ्यांचा लाडका असतं. लेकरांच्या मांडीवर बसतं, कोथिंबिरीची काडी हातातून खातं. चौथा-पाचवा महिना लागला की त्याच घरातून फोन येतात. चार्जरची वायर तोडली, गादीचा कोपरा कुरतडला, दिवाणाखाली मुततो, पहाटे पिंजऱ्याची जाळी दातांनी वाजवून अख्ख्या घराला उठवतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: याला वावरात सोडून देऊ का?

सोडू नका, तो तिथे जगणार नाही. पाळीव ससा हा मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या सशाचा वंशज आहे. ज्वारीच्या रानात दिसणारा आपला रानससा ही वेगळीच जात. तो बीळ करत नाही, गवताच्या आडोशाला दबून बसतो आणि कुत्रं जवळ आलं की सुसाट सुटतो. (त्याला धरून आणून पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.) तिकडचा ससा मात्र कळपाने राहणारा, जमिनीखाली बिळं खणणारा. खणणं आणि कुरतडणं हे त्याचं रोजचं काम आहे, आणि आपण दुसरी जागा दिली नाही तर तो ते गादीवर करतो. म्हणून माझा आग्रह एकच असतो. ससा नासधूस कुठे करतो आणि किती वाजता करतो, हे चार दिवस नीट बघा. उपाय बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

वयात आलाय हे न ओळखणं

सगळ्यात जास्त घरं इथे चुकतात. ससा साडेतीन ते सहा महिन्यांत वयात येतो. नर पायांभोवती गुरगुरत गोल फिरतो, पायावर चढतो, भिंतीवर आणि अंथरुणावर मूत उडवतो. मादी खणत सुटते, पिंजऱ्यात हात घातला की पंजा मारते. कधी कधी गाभण नसतानाही छातीचे केस उपटते, तोंडात गवत धरून घरटं करायला लागते. घरच्यांना वाटतं, बिघडला. बिघडलेला काही नसतो, शरीर वयाप्रमाणे वागत असतं.

यावर खरा उपाय नसबंदीचा. ऑपरेशननंतर मूत उडवणं, चढणं, चावरेपणा काही आठवड्यांत बराच उतरतो. दुसऱ्या दिवशी फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका. नर तर ऑपरेशननंतरही जवळजवळ सहा आठवडे मादीला गाभण ठेवू शकतो, तोवर दोघांना वेगळं ठेवावं लागतं. मादीच्या बाबतीत आणखी एक गंभीर कारण आहे: नसबंदी न केलेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण फार मोठं असतं.

आठवडी बाजारातून ‘दोन्ही माद्याच आहेत’ असं सांगून दिलेली जोडी तर आधी तपासूनच घ्या. लहानपणी नर-मादी ओळखणं सोपं नसतं. गाभणकाळ महिनाभराचाच, आणि व्याल्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते. दोनाचे डझनभर ससे व्हायला पावसाळा पुरतो.

डॉक्टर निवडताना मात्र घाई नको. आपल्याकडे परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करता येते. आपल्या गावातल्या डॉक्टरांनाही विचारा, पण नेमकं विचारा: सशांची ऑपरेशनं करता का, भूल कोणती देता, आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का? या शेवटच्या प्रश्नाला ‘हो, उपाशी ठेवा’ असं उत्तर आलं तर दुसरा डॉक्टर शोधा. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरासारखं त्याला उपाशी ठेवायची गरज नसते, आणि पोट रिकामं राहिलं तर आतड्यांचं काम मंदावून जिवावर बेतू शकतं.

वायरीला मिरची फासणं

बिळाच्या वाटेत आलेली मुळं छाटून वाट मोकळी करणं ही सशाची उपजत सवय. जमिनीलगत लोंबणारी वायर दिसली की तो तेच करतो. मार्च सरता सरता घराघरांत कूलर निघतात आणि हा धोका दुप्पट होतो. मोटरीची वायर खाली, तिच्यावर ठिबकणारं पाणी, शेजारी ससा. शॉक लागला तर वाचण्याची शक्यता कमी.

मिरचीपूड, चुना, लिंबू, हे सगळे उपाय सोडा. मिरची डोळ्यांत जाते, चुन्याने तोंड भाजतं, आणि जिद्दी ससा तरीही वायर तोडतोच. इलेक्ट्रिकच्या दुकानात फ्लेक्झिबल पीव्हीसी पाईप मीटरवर मिळतो. त्याला ब्लेडने उभी चीर द्या, वायर आत दाबून बसवा, चिरेची बाजू भिंतीकडे फिरवून पट्ट्यांनी पक्की करा. जाड पाईपवर दात लागायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आपल्या लक्षात येतं. जिथे जमेल तिथे वायर भिंतीवर केसिंगमधून न्या, जमिनीपासून निदान तीन फूट वर. मागच्या पायांवर उभा राहिला की ससा आपल्याला वाटतं त्याहून उंच पोचतो. कूलरचं जुनं, बुरशी धरलेलं गवत ओढून खाणारे ससेही पाहिलेत. मोसम संपला की ते घरात पडू देऊ नका.

आपल्याकडच्या घरांत आणखी एक गोष्ट असते, जिच्याबद्दल शहरातल्या सल्ल्यात अवाक्षर नसतं: पोती. ज्वारी, सोयाबीन, खत, सगळं प्लॅस्टिकच्या पोत्यात, बहुतेक वेळा दिवाणाखाली किंवा माळ्याच्या जिन्याखाली. ससा पोत्याचा कोपरा उसवतो आणि त्या बारीक पट्ट्या गिळतो. आतड्यात गुंतल्या तर शस्त्रक्रियेशिवाय सुटत नाहीत. आत सोयाबीन असलं तर कच्चे दाणे खाऊन पोट फुगतं. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर तर बीजप्रक्रिया केलेलं बियाणं घरात येतं, लाल-गुलाबी रंग चढवलेलं. त्यावर औषध असतं, थोडे दाणेही घातक. धान्यामुळे उंदरांचं औषधही कुठेतरी ठेवलेलं असतंच. ससा जिथे फिरतो त्या खोलीत यातलं काहीही नको, उंचावरही नको.

खणू न देणं

गादीवरून हाकललं की ससा उशीवर जातो, उशीवरून हाकललं की सतरंजीवर. हाकलून खणणं थांबत नाही, फक्त जागा बदलते. त्याच्यासाठी खणायची जागा करा आणि ती नेमकी तिथेच ठेवा जिथे तो आत्ता खणतोय. दिवाणाच्या कोपऱ्याला खणत असेल तर त्याच कोपऱ्याला.

मोठा प्लॅस्टिकचा टब घ्या, कडा फूटभर तरी उंच, म्हणजे माती खोलीभर उडणार नाही. आपली काळी माती या कामाला चालत नाही. ओली झाली की पंजांच्या केसांना चिकटते, वाळली की ढेकळं होतात. पोयटा माती नाहीतर नदीची वाळू, किंवा दोन्ही मिसळून, टबात अर्ध्यापर्यंत भरा. फवारणी होणाऱ्या रानातली माती आणू नका. पहिल्या दिवशी कोथिंबिरीचे देठ आत पुरून ठेवा, त्याला वासाने कळतं. मातीचा पसारा नको असेल तर तोच टब फाडलेल्या वर्तमानपत्राने आणि वाळल्या गवताने भरा. चिंध्या आणि वाकळीचे तुकडे मात्र नको, धागे गिळतो.

खालच्या फरशीकडेही बघा. सशाच्या तळपायाला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात. गुळगुळीत टाइल्सवर तो घसरतो, म्हणून चटई असेल तिथेच धावतो, तिथेच खणतो, आणि आपण म्हणतो चटईच्याच मागे लागलाय. त्याच्या रोजच्या वाटेवर जुनं गोणपाट अंथरलं तरी पळापळ शहाण्यासारखी होते.

भाकरी, बिस्किट आणि गाजर

सशाचे पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात, आणि दाढाही आयुष्यभर वाढत राहतात. त्या झिजवायला गवतच लागतं. भाकरी, बिस्किट, पॅकेटमधलं खाद्य झटकन संपतं. पोट भरतं, तोंडाला काम उरत नाही. मग ते काम दाराच्या चौकटीला मिळतं. दिवसभर पुरेल एवढा, त्याच्या अंगाएवढा गवताचा ढीग समोर हवाच. हराळी उत्तम, वाळलेलं मारवेल किंवा पवना असेल तर फारच छान. बांधावरचं गवत आणताना तणनाशक मारलंय का हे रानमालकाला विचारल्याशिवाय कापू नका.

लसूणघास हा गुरांचा हिरवा चारा सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ठीक. मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियमने लघवीचा त्रास होतो. ज्वारीचे कोवळे पोंगे कधीच नाहीत, त्यांनी गुरं दगावतात हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. कांदा, लसूण, बटाटा बंद. गाजर, केळं हा खाऊ, बोटाच्या पेराएवढा. अंगणात कण्हेर, रुई, एरंड असेल तर ससा तिकडे जाणार नाही अशी आडकाठी करा.

कुरतडायला तुतीच्या काड्या द्या. जालन्यात रेशीमकोषांचा बाजार भरतो, आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी तुतीच्या बागा आहेत. किड्यांनी पाला खाल्ला की उरलेल्या काड्यांचा ढीग पडून असतो. बागवाल्याला सांगितलं तर आनंदाने देतो. किडे जपायचे म्हणून तो फवारणी सांभाळूनच करतो, तरी विचारून घ्या. हिरव्या काडीची साल ससा आधी एका टोकापासून सोलतो, मग आतलं पांढरं लाकूड बारीक बारीक चावत बसतो. सोफ्याचा पाय सुटतो तो अशा काडीमुळे.

पहाटे जाळी वाजवली की खाऊ देणं

ससा दिवस उगवताना आणि मावळताना सर्वांत जागा असतो. पहाटे पाचला जाळी वाजली, आपण कंटाळून उठलो, मूठभर मेथी टाकली, की तो धडा पक्का झाला. उद्या पावणेपाचला वाजेल. रात्री झोपायच्या आधी तासभर मोकळा सोडा, दमू द्या, आणि गवताचा ताजा ढीग शेवटी ठेवा. सुरुवातीचे काही दिवस तो जास्तच वाजवेल, तेव्हा उठायचं नाही.

पिंजराही बघा. बाजारात मिळणारा कोंबड्यांचा जाळीचा पिंजरा म्हणजे सशाला कोंडवाडाच. जाळीच्या तळाने पाय सोलतात. पूर्ण अंग ताणून झोपता, मागच्या पायांवर उभं राहता आणि सलग तीन उड्या मारता येतील एवढी जागा हवी, शिवाय रोज तीन-चार तास बाहेर. पूर्ण खोली देता येत नसेल तर लोखंडी जाळीच्या पट्ट्या जोडून अर्धी खोली अडवा.

मारणं, कान धरून उचलणं

चापट मारली तर ससा ‘वायर चावू नये’ हे शिकत नाही, हात धोक्याचा हे शिकतो. मग तोच हात खाऊ द्यायला आला तरी चावतो. कान धरून उचलणं तर क्रूरच. छातीखाली एक हात, मागच्या पायांखाली दुसरा, अंगाला लावून उचला. पाय मोकळे राहिले आणि त्याने जोरात झटका दिला तर त्याचाच कणा मोडू शकतो. चुकीच्या जागी दात लावताना दिसला की काही न बोलता काडी पुढे करा.

धावता धावता हवेत उडी मारून अंगाला पीळ देणं हे वेड लागल्याचं लक्षण नव्हे, ती खुशीची उडी आहे. मागचा पाय आपटत असेल तर मात्र उठून बघा. खिडकीत मांजर असेल, नाहीतर आणखी काही.

उन्हाळ्यात त्याला ‘मस्ती’ म्हणणं

सशाला घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः कान आहेत. तिशीच्या आसपासच तो अस्वस्थ होतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे चाळिशीच्या वर. भर दुपारी माठाच्या तिवईखाली ओली फरशी खरवडणारा ससा गारवा शोधत असतो. पत्र्याच्या खोलीत त्याला दुपारी ठेवूच नका. मधल्या खोलीतली शहाबादी फरशी, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, आणि नळीच्या बाटलीऐवजी जड भांड्यात पाणी, कारण भांड्यातून तो जास्त पितो. कानांवर ओला हात फिरवा, अंघोळ घालू नका.

गप्प झाला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणं

महिनाभर धिंगाणा घालणारा ससा अचानक कोपऱ्यात अंग चोरून बसला, दात खायला लागला, गवताकडे पाठ फिरवली, लेंड्या बारीक झाल्या किंवा बंद झाल्या, तर तो शहाणा झालेला नाही, आजारी आहे. दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर सकाळची वाट बघू नका. तोंड उघडून श्वास घेत असेल तर लगेच निघा, वाटेत कान ओलसर ठेवा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. घरातली कुठलीच गोळी देऊ नका. तोंडाने दिलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं आणि त्यात तो जाऊ शकतो. कुत्र्याच्या पिसवांवर लावायचं फिप्रोनिलही सशाला विषारी. डॉक्टरकडे जाताना शेवटच्या लेंड्या कागदात बांधून सोबत घ्या, आणि शेवटचा घास किती वाजता खाल्ला ते लिहून न्या.