‘थिंक’चं नॉर्वेजियन करताना या चुका टाळा

इंग्रजीतलं ‘आय थिंक’ नॉर्वेजियनमध्ये न्यायचं म्हटलं की चार क्रियापदं पुढे येतात: त्रू, स्यूनेस, मेने आणि तेंके. बहुतेक जण शब्दकोशात पहिलं दिसेल ते उचलतात आणि तिथेच फसतात.

त्रू आणि स्यूनेसची अदलाबदल

सगळ्यात जास्त घोटाळा इथे. खरं-खोटं तपासता येतं, पण आपल्याला पक्कं ठाऊक नाही, अशा गोष्टीला त्रू. ‘याय त्रूर दे रायनेर इ बॅर्गेन’, म्हणजे बर्गनला पाऊस पडत असावा. स्वतः अनुभव घेऊन झालेलं मत मात्र स्यूनेसने सांगायचं. ‘याय त्रूर फिल्मेन एर ब्रा’ म्हटलंत तर सिनेमा अजून पाहिलेला नाही, नुसता अंदाज आहे. ‘याय स्यूनेस फिल्मेन एर ब्रा’ म्हणजे पाहिला आणि आवडला.

समजा, कोणाकडे जेवायला गेलात. पानात फोरिकोल, म्हणजे कोबी घालून शिजवलेलं मटण. दोन घास पोटात गेलेत, घरची बाई विचारते कसं झालंय, आणि तुम्ही म्हणता ‘याय त्रूर दे स्माकेर गॉत’. तिच्या कानावर पडतं, ‘चांगलं लागत असावं बहुतेक.’ घास तोंडात असताना!

आपली यात जास्त पंचाईत, कारण मराठीत दोन्हीकडे ‘वाटतं’ चालतं. म्हणून वाक्यात ‘बहुतेक’ घालून बघा. अर्थ न बिघडता बसलं तर त्रू, खटकलं तर स्यूनेस.

सगळीकडे तेंके

इंग्रजी ‘थिंक’शी नाद जुळतो म्हणून तेंके वाटेल तिथे घुसवलं जातं. इथे इंग्रजी बाजूला ठेवून सरळ मराठीतून गेलात तर काम सोपं होतं. ‘विचार करणे’ किंवा ‘बेत असणे’ असेल तर तेंके, ‘माझं ठाम मत आहे’ असेल तर मेने. जेवण कसं वाटलं हे विचारायला ‘वा स्यूनेस दू ऑम मातेन?’ म्हणा. ‘वा तेंकेर दू पो?’ म्हणजे कसल्या विचारात आहेस? बैठकांमध्ये ‘याय तेंकेर आत…’ अशी सुरुवात करून मत मांडणारे नॉर्वेजियन भेटतील. त्यांना तसं बोलू द्या. शिकताय तोवर तुम्ही मेने आणि स्यूनेसच वापरलेलं बरं.

‘नाही’ कुठे ठेवायचं

‘तो येईल असं वाटत नाही’ याला ‘याय त्रूर इक्के हान कॉम्मेर’; यात इक्के म्हणजे ‘नाही’. नकार पुढच्या उपवाक्यात ढकलायचा असेल, तर लिहिताना इक्के क्रियापदाच्या आधी येतं: ‘आत हान इक्के कॉम्मेर’. शेवटी टाकू नका.

‘मला वाटलं’

गैरसमज झाला होता हे सांगायला त्रूचं भूतकाळी रूप ‘त्रुद्दे’. ‘मला वाटलं तू ओस्लोत आहेस’ यात मराठी ‘आहेस’वर थांबते, पण नॉर्वेजियनला तिथेही भूतकाळ लागतो: ‘याय त्रुद्दे दू वार इ ओस्लो’. मराठी वळणाने ‘वार’ऐवजी वर्तमानकाळी ‘एर’ ठेवलंत की वाक्य कानाला खटकतं. स्यूनेसचं भूतकाळी रूप ‘स्यून्तेस’. फरक एका अक्षराचा, टंकताना हमखास निसटणारा, आणि संगणकाचा शुद्धलेखन तपासनीसही तो पकडेलच असं नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.