विल्टशायर फिरायला जाताय? या चुका टाळा (आई-बाबा सोबत असतील तर नक्कीच)

भारतातून आई-बाबा इकडे इंग्लंडला आले की विल्टशायर काउंटीतलं स्टोनहेंज, म्हणजे ते प्राचीन दगडांचं वर्तुळ, दाखवायचं हे ठरलेलंच असतं, आणि मग गाडी काढलीच आहे तर वाटेतलं सगळं एकाच दिवसात उरकू असं आपल्याला वाटतं. मी पण पहिल्यांदा हेच केलं. सकाळी स्टोनहेंज, दुपारी लेकॉक गाव, मग कॅसल कूम गाव, आणि संध्याकाळी बाथ, जे खरं तर विल्टशायरमध्ये नाहीच, ते सॉमरसेटमध्ये येतं. स्टोनहेंजच्या बाजूने जाणारा ए३०३ रस्ता तिथे दोन्ही बाजूंना एकेकच लेनचा आहे, शनिवारी तो तुंबतोच, आणि त्यात आमचा जो वेळ गेला तो पुढे प्रत्येक ठिकाणी कापत जावा लागला. रात्री घरी आल्यावर आई म्हणाली, "सगळं छान होतं रे, पण कुठे टेकलोच नाही." हे वाक्य मला अजून लागतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, एका दिवसात सगळं. त्यापेक्षा असं वाटून घ्या: सॉल्सबरी शहर, ओल्ड सॅरमचा जुना किल्ला आणि स्टोनहेंज एक दिवस, लेकॉक आणि कॅसल कूम दुसरा दिवस, एव्हबरीचं दगडांचं वर्तुळ आणि डिव्हायझेस गाव जमलं तर तिसरा.

स्टोनहेंजला तिकिटाची वेळ ठरलेली असते, ऑनलाइन आधीच काढा. गाडी लावतो ती जागा आणि ते दगड यात साधारण अडीच किलोमीटर अंतर आहे, मधे शटल बस असते, त्यामुळे ११ चं तिकीट म्हणजे ११ ला दगडांसमोर असं होत नाही. दगडांच्या भोवती दोरी आहे, आत जायचं असेल तर पहाटे किंवा संध्याकाळचं वेगळं महागडं तिकीट लागतं, ते आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे पोचल्यावर हिरमोड होतो. आजूबाजूची बरीच जमीन नॅशनल ट्रस्टची आहे आणि दगडांची जागा बघतं इंग्लिश हेरिटेज. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या या दोन वेगळ्या संस्था आहेत, पण नॅशनल ट्रस्टचं इथलं मेंबरशिप असेल तर स्टोनहेंज फुकट होतं. भारतातून आलेल्यांसाठी इंग्लिश हेरिटेजचा ठराविक दिवसांचा ओव्हरसीज पास मिळतो, दोन-तीन किल्लेही बघणार असाल तर हिशोब करून बघा. तिकीटच संपलं असेल तर वुडहेंज या जवळच्या प्राचीन जागेपासून शेतांमधून चालत जा, तीनेक किलोमीटर आहे, दगड थोडे लांबून पण नीट दिसतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत. आणि उन्हाळ्यात सुद्धा जाकीट घ्या, त्या माळावर वारा अडवायला काही नाहीये.

दगडांना हात लावायचाय? मग एव्हबरीला जा. तिथलं वर्तुळ इतकं मोठं आहे की गावाचा काही भाग आणि पब त्याच्या आतच आहे, मेंढ्या दगडांना पाठ घासत असतात आणि तुम्ही पण टेकून बसू शकता. वर्तुळ बघायला तिकीट नाही, फक्त पार्किंगचे पैसे. जवळची सिल्बरी हिल मात्र लांबूनच बघा, तिच्यावर चढायला बंदी आहे, चढल्याने ती टेकडी खचते.

सॉल्सबरीत लोक काय करतात, कॅथेड्रलच्या बाहेर मनोऱ्याचा फोटो काढतात आणि निघतात. मनोरा १२३ मीटर, ब्रिटनमधल्या चर्चच्या मनोऱ्यांत सगळ्यात उंच, पण खरं ते आत आहे. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या सत्तेवर मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, ज्या चार मूळ प्रती उरल्यात त्यातली एक इथे आहे. एका कोपऱ्यात १३८६ च्या सुमाराचं घड्याळ आहे, त्याला तबकडीच नाही, नुसता लोखंडी सांगाडा, तो फक्त टोले द्यायचा, त्यामुळे माणसं ते काहीतरी जुनं यंत्र समजून पुढे जातात. आणि मधोमध ते पाण्याचं मोठं पात्र, बाप्तिस्म्याचं. पाणी चारही कोपऱ्यांतून सतत ओघळत असतं पण वरचा थर आरशासारखा स्थिर, त्यात वरची दगडी कमान उलटी दिसते. आई तिथे वाकली आणि बराच वेळ काही बोललीच नाही, मग देवळात जोडतात तसे हात जोडले तिने. तिथे घाई करू नका. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, तेव्हा फिरायला जाऊ नका.

आता गावांचं, आणि हे मी कळकळीने सांगतोय. कॅसल कूम आणि लेकॉक हे सिनेमाचे सेट नाहीत, तिथे माणसं राहतात. लेकॉकची जवळजवळ सगळी घरं नॅशनल ट्रस्टची आहेत, टॅलबट घराण्याने १९४४ मध्ये देऊन टाकली, आणि त्यात भाडेकरू राहतात. खिडकीला नाक लावून आत बघणं, दारातल्या कुंड्या सरकवून रील करणं, ड्रोन उडवणं, कृपा करून नको. आपल्या कोकणातल्या घराच्या पडवीत कुणी असं घुसलेलं आपल्याला चालेल का? कॅसल कूमला गाडी गावात नेऊन कोंडी करू नका, वर टेकडीवर कार पार्क आहे, तिथून दहाएक मिनिटं उतार. परत येताना तोच चढ गुडघ्यांना लागतो, तेव्हा वयस्कर कुणी असेल तर खाली गावातल्या मार्केट क्रॉसपाशी (जुन्या बाजाराची खूण असलेली दगडी छत्री) पटकन उतरवून गाडी वर न्या. दारात केक ठेवलेले आणि शेजारी पैशाचा डबा असं तिथे दिसेल, म्हणून सुट्टी नाणी खिशात ठेवा.

लेकॉकला हॅरी पॉटरचं शूटिंग झालेला मठ बघून लोक परततात. त्याच वास्तूतली एक खिडकी मात्र सुटते. १८३५ च्या ऑगस्टमध्ये त्याच घराण्यातल्या, फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक असलेल्या फॉक्स टॅलबटने तिचं टपाल तिकिटाएवढं निगेटिव्ह काढलं, जगातलं सगळ्यात जुनं उरलेलं निगेटिव्ह. मोबाइलवर शंभर फोटो काढणाऱ्या माझ्या बाबांना त्या खिडकीसमोर उभं करून मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी फोन खिशात ठेवला आणि नुसतं बघत राहिले.

गाडी नसेल तर सॉल्सबरी सगळ्यात सोपं, लंडनच्या वॉटरलूहून थेट ट्रेन दीड तासाची, स्टेशनवरून स्टोनहेंजची बस. लेकॉकसाठी चिपनमला उतरायचं. रविवारी गावाकडच्या बस कमी असतात, तेव्हा परतीची शेवटची बस आधी बघा आणि मगच चहाला बसा.

जेवणाचं पण लक्षात ठेवा, खेड्यातल्या पबचं किचन दुपारी दोन-अडीचला बंद होऊ शकतं, मग चिप्सच्या पाकिटांवर दिवस काढावा लागतो. आम्ही आता घरून पराठे आणि थर्मासमध्ये चहा नेतो. स्विंडनला गोव्याची बरीच माणसं राहतात, एकदा एव्हबरीला असंच एक गोंयकार कुटुंब भेटलं, त्यांनी पण डबा आणला होता. दगडाच्या आडोशाला बसून आम्ही पराठे आणि त्यांनी आणलेला चोरीस पाव (गोव्याचं मसालेदार सॉसेज भरलेला पाव) वाटून खाल्ला, आईने पावाला लागलेला मसाला चाटून पाहिला आणि विचारलं की यात व्हिनेगर किती घालतात.