साखरेची काच करून पाहताना

अनेक द्रव स्फटिक बनण्याइतका अवधी न देता थंड केले, तर त्यांचे रेणू अस्ताव्यस्त अवस्थेतच थिजतात आणि काच तयार होते. घरी हे पाहण्यासाठी 200 ग्रॅम साखर, 100 मिलिलिटर पाणी आणि चमचाभर लिंबाचा रस जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर एकजीव करावा. उकळी फुटल्यावर मात्र ढवळू नये, कारण कडेला चिकटलेला साखरेचा एखादा दाणाही स्फटिकाचे बीज ठरतो. थर्मामीटरवर 150 अंश सेल्सिअस दिसताच पाक तूप लावलेल्या स्टीलच्या ताटात पातळ ओतावा. हा पाक त्वचेला चिकटून खोलवर भाजतो, म्हणून मुलांना हे काम एकट्याने करू देऊ नये. पुण्यात यासाठी कोरडा उन्हाळा निवडावा. पावसाळ्यातील दमट हवेत ही काच ओलावा शोषून चिकट होते.

अशा काचेत जैविक पदार्थ जतन करण्याच्या कामातही ओलावाच निर्णायक असतो. ट्रेहॅलोज या शर्करेच्या कोरड्या काचेत प्रथिनांच्या रेणूंची हालचाल जवळपास थांबते, त्यामुळे ती टिकतात. भ्रूण मात्र उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवण्यापूर्वी त्यात गोठणरोधक द्रावण मुरवतात, अन्यथा बर्फाचे स्फटिक पेशींना इजा करतात. मला सर्वांत विलक्षण वाटते ती स्विस शास्त्रज्ञ झाक दुबोशे यांची पद्धत: पाण्याचा अतिपातळ थर द्रवरूप इथेनमध्ये क्षणार्धात थिजवून त्यातील जैवरेणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. या क्षेत्रातील कामासाठी त्यांना 2017 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.