बरोक निसर्ग-मुद्राचित्रातला मेंढपाळ कसा वाचावा

सतराव्या शतकातल्या, म्हणजे बरोक शैलीच्या काळातल्या, युरोपीय मुद्राचित्रांत (धातूच्या पत्र्यावर रेषा खोदून कागदावर छापलेल्या चित्रांत) मेंढपाळ इतका वारंवार येतो, की पाहणारा त्याला ‘शांततेचं प्रतीक’ म्हणून मोकळा होतो. घाई करू नका. एकटं चिन्ह फारसं काही सांगत नाही. ते शेजारच्या वस्तूसोबत वाचावं लागतं.

पण त्याआधी कागद तपासा. पाचपट ते आठपट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि दिवा एका बाजूने तिरका धरा. एचिंगच्या, म्हणजे पत्र्यावर आम्लाने खोदलेल्या, रेषेचं टोक बहुधा बोथट असतं, ब्युरिन या टोकदार कोरणीने हाताने कोरलेली रेष टोकाला निमुळती होत जाते. एचिंगमध्ये दूरच्या टेकड्या आणि आकाश फिकं राहावं म्हणून तेवढा भाग आम्लात थोडाच वेळ ठेवत. त्या उथळ रेषा छापता छापता सर्वांत आधी झिजतात. त्यामुळे उशिरा काढलेल्या प्रतीत आभाळ कोरं दिसतं, आणि त्यात ‘रितेपणा’ वाचला की फसगत होते. तसंच, छापताना डावं-उजवं उलटतं. मेंढपाळ डावखुरा दिसला, तर त्यात गूढ शोधू नका.

आता त्याचे हात पाहा. हातात पावा आणि डोक्यावर झाडाची सावली असेल, तर रोमन कवी व्हर्जिलच्या गोपगीतांची, म्हणजे गुराख्यांच्या जीवनावरच्या कवितांची, वाट धरा. त्यातल्या पहिल्याच गीतात एक गुराखी झाडाखाली निवांत पहुडलाय, तर दुसरा जमीन हिरावली गेल्याने शेळ्या हाकत देशोधडीला निघालाय. म्हणून विसाव्याच्या चित्रातही वाटेवर कोणी निघून जाताना दिसतं का, ते जरूर शोधा. बहुतेकजण नेमकं हेच पाहायचं विसरतात. खांद्यावर कोकरू असेल, तर योहानाच्या शुभवर्तमानातल्या ‘उत्तम मेंढपाळा’चा विचार करा, रात्र आणि देवदूत असतील, तर प्रसंग ख्रिस्तजन्माच्या वार्तेचा. डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६३४ चं एचिंग तेच दाखवतं.

त्याचंच १६४२ चं बासरीवाल्याचं एचिंग मात्र वेगळ्या जातीचं आहे. जवळ बसलेली तरुणी फुलांची माळ गुंफतेय. बासरीवाला आडवा पडून तिच्या घागऱ्याखाली डोकावतोय आणि त्याच्या खांद्यावर घुबड आहे. इथे बासरी, माळ आणि नजर एकत्र वाचली की गोपजीवनाच्या गोडव्यामागची वासना उघडी पडते. घुबड तेव्हा मूर्खपणाचंही चिन्ह मानलं जाई. नुसती बासरी पाहणाऱ्याला यातलं काहीच हाती लागत नाही.

भग्न अवशेषांबाबत सर्वाधिक चुका होतात. पडके खांब म्हणजे ‘वैभवाचा अंत’ हे खरं, पण अर्धंच. रोमचा प्राचीन फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, तेव्हा मातीत बुजलेला होता आणि त्याला ‘काम्पो व्हाचिनो’, म्हणजे गाईंचं मैदान, म्हणत. फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँने १६३६ मध्ये त्याचं एचिंग केलं. म्हणजे अवशेषांत गुरं दिसणं ही आधी डोळ्यांनी पाहिलेली वस्तुस्थिती, मग प्रतीक.

कडेच्या तुटक्या खोडालाही हाच नियम लावा. पुढचा गडद आकार अंतर खोल दाखवतो, म्हणून चित्रकाराला तो कडेला हवाच असतो. त्याला मृत्यूचा अर्थ द्यायचा, तर थडगं, कवटी, वाळूचं घड्याळ असा दुसरा पुरावा त्याच चित्रात सापडला पाहिजे. तो नसेल, तर खोडाला खोडच राहू द्या.