ऑडिओचा छंद आणि सतत नव्या खरेदीचा मोह: या चुका टाळा

‘एवढे पैसे साठलेत, आता पुढचं काय घेऊ?’ हा प्रश्न मला सारखा येतो. मी उलट विचारतो, ‘सध्या ऐकताना नेमकं काय खटकतंय?’ बहुतेक वेळा याचं उत्तर मिळत नाही. मिळालंच तर ‘आवाज अजून खुलायला हवा’ इतकंच. एवढ्यावर लोक महागडा ॲम्प्लिफायर मागवून मोकळे होतात आणि चार महिन्यांनी पुन्हा तोच प्रश्न घेऊन येतात. चांगल्या आवाजासाठी पैसे खर्च करण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दोष एकीकडे आणि खर्च भलतीकडे, याचा मात्र मला खरोखर त्रास होतो, कारण अशाने लोकांचं गाणं ऐकणंच सुटत जातं.

दोषाला नाव न देता खरेदी

‘भारदस्त’, ‘मोकळा’, ‘जिवंत’ हे शब्द जाहिरातीत ठीक आहेत. यंत्र बदलायचं की नाही हे त्यांच्यावरून ठरत नाही. माझी सवय अशी: कागदावर एक वाक्य लिहायचं. कोणतं गाणं, कितव्या मिनिटाला, काय कमी किंवा काय जास्त. ‘गायिका वरच्या पट्टीत गेली की ‘स’चा उच्चार कानाला टोचतो’, ‘बेस गिटारचे खालचे दोन-तीन सूर गायब होतात’, असं काहीतरी. मग तोच दोष दुसऱ्या चार ध्वनिमुद्रणांत येतो का ते बघायचं. येत नसेल तर दोष त्या मुद्रणात आहे. मोठ्या आवाजाच्या नादात दाबून चेपून टाकलेलं मुद्रण जगातला कोणताही ॲम्प्लिफायर सोडवू शकत नाही.

वाक्य लिहिता येत नसेल तर खरेदी थांबवा. एवढी एक शिस्त पाळली तरी निम्मे अनावश्यक व्यवहार टळतील, असं माझं ठाम मत आहे.

खोलीचा राग यंत्रावर

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या एका मित्राची तक्रार होती की डबल बासचे (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) सगळ्यात खालचे सूर ऐकूच येत नाहीत, आणि त्याच वेळी बाकीचा बेस, म्हणजे खर्जाचे जड सूर, मात्र घुमतो. ‘ताकद कमी पडतेय’ असं समजून त्यानं आधी मोठा ॲम्प्लिफायर घेतला. पहिला आठवडा खुशीत गेला, मग तक्रार जशीच्या तशी. नंतर मोठे स्पीकर घेतले आणि त्यासाठी जुने विकले. तरीही तेच. शेवटी सबवूफर, म्हणजे फक्त बेससाठीचा वेगळा स्पीकर, आणला. आता घुमणं इतकं वाढलं की शेजारच्या खोलीतलं दारही थरथरायला लागलं, आणि तो खालचा सूर होता तिथेच, म्हणजे गायबच.

त्याच्याकडे गेल्यावर मी यंत्रांकडे पाहिलं नाही. टेप काढून खोली मोजली. लांबी 4.2 मीटर, आणि त्याची खुर्ची समोरच्या भिंतीपासून बरोबर 2.1 मीटरवर, म्हणजे अगदी मधोमध.

खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक कंपनसंख्यांच्या लाटा उभ्या राहतात. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. त्याला लांबीच्या दुपटीनं भागलं की पहिली कंपनसंख्या मिळते. 343 भागिले 8.4, म्हणजे सुमारे 41 हर्ट्झ (सेकंदाला 41 कंपनं). डबल बासची सगळ्यात खालची तार साधारण त्याच सुराला लागते. या लाटेचा दाब भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. तिच्या दुप्पट, 82 हर्ट्झचं मात्र उलटं: मध्यावर जोर सर्वांत जास्त. म्हणजे मित्राच्या खुर्चीत एक सूर हरवत होता आणि त्याचाच वरच्या सप्तकातला भाऊ घुमत होता. त्याच्या दोन्ही तक्रारी शंभर टक्के खऱ्या होत्या. त्याचे कान उत्तम होते, निदान चुकलं होतं.

मी त्याला 41 हर्ट्झचा सूर सलग लावून खुर्चीपासून मागच्या भिंतीपर्यंत चालायला सांगितलं. खुर्चीपाशी सूर जेमतेम जाणवत होता आणि भिंतीपाशी छातीत भरत होता. तो तीनदा मागेपुढे चालला, मग एक शब्द न बोलता खुर्ची उचलून अर्धा मीटर मागे ठेवली. डबल बास लावला, तर खालचे सूर आले आणि घुमणं उतरलं. सगळं शंभर टक्के जुळलं नाही, तसं ते खोलीत जुळत नाहीच, पण इतक्या खर्चानं जे झालं नव्हतं ते खुर्ची सरकवून झालं. वाईट याचं वाटतं की त्यानं विकलेले पहिले स्पीकर त्याला मनापासून आवडायचे. ते बनायचे बंद झाले होते आणि पुन्हा मिळाले नाहीत.

अशा ठिकाणी ताकद वाढवून काही होत नाही. तुम्ही जितका जोर लावाल तितकाच जोर परतून येणाऱ्या लाटेलाही मिळतो आणि मध्यावर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. इक्वलायझरनं (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करण्याची सोय) तो सूर वर उचलायला गेलात तरी तेच, शिवाय स्पीकरवर नाहक ताण.

माझी पद्धत फार शास्त्रशुद्ध नाही, पण वर्षानुवर्षं उपयोगी पडली आहे. खुर्ची मधोमध नको आणि मागच्या भिंतीला टेकलेलीही नको, कारण तिथे सगळ्याच खालच्या लाटा एकदम फुगतात. लांबीच्या साधारण 38 टक्के अंतर भिंतीपासून सोडून सुरुवात करा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीला ठेवा. स्पीकर कोपऱ्यात ढकलले असतील तर बाहेर काढा, कोपरा बेस फुगवतो. मग जमिनीवर चिकटपट्टीनं खुणा करत एका वेळी दहा-दहा सेंटिमीटर सरकवा आणि दर वेळी ओळखीचा एकच आवाज ऐका. मी त्यासाठी नेहमी एकट्या माणसाचं बोलणं वापरतो, कारण माणसाचा आवाज कसा असतो हे कानाला शिकवावं लागत नाही. बाजूच्या भिंतीवर कुणाला आरसा सरकवायला सांगा. खुर्चीत बसून ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल तिथे पुस्तकांचं कपाट किंवा जाड शोषक फळी लावा. पडदे आणि गालिचा वरचे सूर शोषतात, बेसला ते काही करत नाहीत. अंड्यांच्या ट्रेसारखा पातळ फोमही नाही.

हे करायला एक आख्खी दुपार लागते, आणि नेमकी ती दुपार द्यायची लोकांची तयारी नसते. यंत्र मागवायला मात्र दोन मिनिटं पुरतात.

याच तपासणीत लाल-काळ्या तारा बघून घ्या. एका स्पीकरच्या उलट्या जोडल्या गेल्या तर बेस पातळ होतो आणि गायकाचा आवाज मध्ये उभा न राहता खोलीभर पसरतो. मोनो मुद्रण (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) लावलं की हे लगेच कळतं.

आवाजाची पातळी न जुळवता तुलना

नव्या यंत्राचा ‘जमीन-अस्मानाचा फरक’ बहुतेक वेळा इथून येतो. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज अगदी एक डेसिबलनं (आवाजाची पातळी मोजायचं एकक) मोठा असला तरी कान त्याला ‘मोठा’ म्हणत नाही, ‘जास्त स्पष्ट’, ‘जास्त भरीव’ म्हणतो. आवाज वाढला की खालचे सूर तुलनेनं जास्त ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 सालीच मोजून दाखवलं आहे. सीडी प्लेअर किंवा डॅकच्या (डिजिटल फाइलचा विद्युत संकेत करणारं यंत्र) साध्या जोडणीतून साधारण 2 व्होल्ट निघतात, तर बॅलन्स्ड जोडणीतून (तोच संकेत सुलट-उलट अशा दोन तारांतून नेणारी) बरेचदा 4 व्होल्ट. दुप्पट व्होल्ट म्हणजे 6 डेसिबल जास्त. मग ‘बॅलन्स्ड लावल्यावर संगीतात जीव आला’ असं वाटणारच. व्हॉल्यूमची चावी होती तिथेच ठेवून केलेली ही तुलना काहीच सिद्ध करत नाही.

उपाय स्वस्त आहे, एक मल्टिमीटर. 100 हर्ट्झचा सूर बेताच्या आवाजात लावा, स्पीकरच्या दोन टोकांवर एसी व्होल्ट मोजा (टोकं एकमेकांना टेकू देऊ नका), यंत्र बदला आणि व्हॉल्यूम फिरवून तोच आकडा आणा. फरक एका टक्क्याच्या आसपास राहिला म्हणजे तुम्ही 0.1 डेसिबलपर्यंत आलात. मग कुणाला तरी यंत्रं बदलायला सांगा, तुम्हाला कळू न देता. स्पीकरची तुलना करायची असेल तर व्होल्ट उपयोगी नाहीत. खुर्चीच्या जागी ध्वनिपातळी मोजून जुळवावी लागते.

न बघता ऐकण्याची सूचना केली की पुष्कळांना अपमान वाटतो. तसं वाटून घेऊ नका. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच श्रोते तेच स्पीकर न बघता आणि बघून, असे दोन्ही प्रकारे ऐकत होते. दिसायला लागल्यावर मोठ्या, भारी स्पीकरचे गुण वाढले आणि छोट्या, स्वस्त संचाचे घसरले. ते लोक ध्वनीच्या क्षेत्रातच काम करणारे होते. डोळे कानांवर हुकूम चालवतात आणि अनुभवानं ते थांबत नाही. मी स्वतः पडद्याआड यंत्र ठेवल्याशिवाय मत देत नाही.

आकड्यांच्या मागे धावणं

50 वॉटचा ॲम्प्लिफायर विकून 100 वॉटचा घेतला की मिळतात 3 डेसिबल. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. तेवढ्याच वॉटला 3 डेसिबल जास्त आवाज देणारा स्पीकर निवडलात तर तेवढीच वाढ ॲम्प्लिफायर न बदलता मिळते.

फायलींच्या बाबतीत, सीडीचा 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ हा दर्जा ऐकण्यासाठी पुरेसा आहे असं मी मानतो. मायर आणि मोरन या अभ्यासकांनी 2007 साली जास्त दर्जाच्या मुद्रणामध्ये मुद्दाम सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला, तेव्हा नेहमीच्या आवाजात श्रोत्यांना तो ओळखता आला नाही. जुना अल्बम नव्या ‘हाय-रेझ’ रूपात खरंच चांगला वाटला तर तो बहुधा नव्यानं, काळजीपूर्वक मास्टर (मुद्रणावरचा शेवटचा संस्कार) केलेला असतो.

केबलबद्दल दोनच ओळी. 5 मीटर अंतरासाठी 2.5 चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार घ्या. जाऊन-येऊन तिचा रोध 0.07 ओहमच्या आसपास भरतो, 8 ओहमच्या स्पीकरपुढे एक टक्काही नाही. पुढचा विषय.

देखभालीऐवजी बदली

हेडफोनचा बेस कमी झाला? आधी कानावरच्या गाद्या बघा. चपट्या झाल्या किंवा चष्म्याच्या काडीमुळे फट राहिली की बंद पाठीच्या हेडफोनचा बेस निसटतो. नव्या गाद्या हेडफोनपेक्षा कितीतरी स्वस्त असतात.

तबकडीवर ‘स’चा उच्चार चरचरतो? सुई झिजली असेल, तिच्यावर धूळ असेल किंवा भार कमी असेल. ‘हलका भार म्हणजे तबकडी सुरक्षित’ हा गैरसमज आहे, उडणारी सुई खाचा जास्त खराब करते. कार्ट्रिजसोबत (सुई बसवलेला छोटा भाग) दिलेल्या मर्यादेत, शक्यतो मध्याच्या थोडं वर, तराजूनं मोजून भार लावा.

फोन किंवा संगणकावरून ऐकत असाल तर कुठे विसरलेला इक्वलायझर किंवा ‘आवाज सुधारक’ चालू नाही ना, हे तपासा. आणि ‘शंभर तास वाजल्यावर खुलेल’ असं ऐकून परतीची मुदत घालवू नका. तेवढ्या काळात सवय मुख्यतः तुमच्या कानांना होते.

पंधरा दिवसांत शिखर गाठायची घाई

पी हळद आणि हो गोरी, ही वृत्ती नव्या लोकांत फार बघतो. पहिले स्पीकर येऊन पंधरवडा होत नाही तोच डॅक, मग वीजशुद्धीकरणाचा खोका, मग स्पीकरखालचे टोकदार पाय, सगळं एकाच महिन्यात. आवाज बदलला तर कशामुळे बदलला हे कळायला जागाच उरत नाही. आवाजावर सर्वांत मोठा परिणाम स्पीकर किंवा हेडफोनचा आणि खोलीचा. ॲम्प्लिफायर स्पीकरला पुरेसा असला की झालं. ठीकठाक बनवलेल्या डॅकमधला फरक पातळी जुळवून ऐकलात तर शोधावा लागतो. म्हणून डॅक सगळ्यात शेवटी.

आणि छोट्या-छोट्या पायऱ्या चढू नका. थोडं बरं, त्याहून थोडं बरं, असं करत प्रत्येक विक्रीत तोटा सोसणाऱ्यांनी एकूण रकमेत पहिल्याच फटक्यात मनासारखे स्पीकर घेतले असते. थांबा, साठवा, ऐकून या, मग घ्या.

माझा नियम: एका वेळी एकच बदल, आणि जुनं यंत्र लगेच विकायचं नाही. नवं यंत्र सलग वापरून कानाला त्याची सवय होऊ द्यायची आणि मग पातळी जुळवून काही दिवस जुनं परत लावायचं. पुढे जाताना ऐकू न येणारा खरा फरक मागे येताना हमखास जाणवतो. सुरुवातीला कागदावर लिहिलेलं ते वाक्य काढा, त्याच गाण्याचं तेच मिनिट लावा आणि बघा. जुन्या यंत्रावर तो दोष परत आला तर नवं ठेवा. आला नाही, तर परतीची मुदत संपायच्या आत खोक्यात भरून पाठवून द्या. खोका आणि आतले फोमचे साचे तोवर फेकू नका.