रोज सोडून अंगावर काम घेताना

मी लातुरात फरशी बसवतो. आठ वर्षं गुत्तेदाराकडं रोजानं होतो, आता अंगावर, म्हणजे रोजाऐवजी मापाप्रमाणं भाव ठरवून, कामं घेतो. तुम्हीही घेणार असाल तर आधी मापाचं ठरवा, भावाचं नंतर. फरशी चौरस फुटावर, पण स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) आणि पायरीची कड धावत्या फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर लावायची. औसा रोडच्या एका बंगल्यात मी हे बोललोच नाही. गुत्तेदारानं स्कर्टिंग "फरशीतच आली" म्हणून धरली आणि दोन पोरांची चार दिवसांची हजेरी माझ्या खिशातून गेली. तेव्हापासून भाव काय, माल कुणाचा, उचल किती, हिशोब कधी, हे वहीत लिहून खाली त्याची सही घेतो. सहीला कुणी नाही म्हणालं तर तेच व्हॉट्सॲपवर पाठवून "हो" लिहून घ्या.

पैसे खात्यावर मागा. एकच बिल 30,000 च्या वर किंवा वर्षाची बेरीज 1 लाखाच्या वर गेली की मोठा गुत्तेदार 1 टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर कापतो. पॅन दिला नाही तर 20 टक्के! कर बसत नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो, सोडू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आधारवर फुकट होते, तिच्यासाठी एजंटाला पैसे मोजू नका.

अजून रोजावर असाल आणि सुटीला खाजगी काम करणार असाल तर कटर स्वतःचा न्या. गुत्तेदारानं ज्या घरी पाठवलं, तिथलं काम परस्पर घेऊ नका. मी आधी फोन करून विचारायचो, बहुतेक वेळा तो "कर" म्हणायचा.