एचआरमध्ये नवीन आहात? गावातल्या एचआर मंडळींच्या सभांना जा, पण तयारीने

चाकण, रांजणगाव, तळेगाव, भोसरी या पट्ट्यात दरवर्षी नवी मुलं-मुली एचआरच्या पहिल्या नोकरीवर रुजू होतात. कुणी एमबीए केलेलं असतं, कुणी एमएसडब्ल्यू, कुणी परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेतून एमएलएस, म्हणजे कामगार अभ्यासाची पदव्युत्तर पदवी, तर कुणी नोकरी सांभाळून कामगार कायद्याची पदविका. पहिले काही महिने बहुतेकांचे टाइम ऑफिसात जातात: मस्टर, पंच, ओव्हरटाइम, गेट पास. कायद्याचं पुस्तक जवळ असतं, पण कंत्राटदाराच्या बिलाला जोडलेली चलनं नेमकी कशी तपासायची, किमान वेतनाचा विशेष भत्ता, म्हणजे महागाईनुसार बदलणारा भाग, उशिरा जाहीर झाला तर फरक कधी द्यायचा, युनियनचं मागणीपत्र हातात पडल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं, हे पुस्तकात नसतं. ते त्याच पट्ट्यात वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या माणसांना माहीत असतं, आणि ही माणसं ठरावीक ठिकाणी नियमित भेटतात.

नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट, म्हणजे एनआयपीएम, ही यातली जुनी संस्था. कोलकात्याची आणि मुंबईची अशा दोन संस्था एकत्र येऊन 1980 मध्ये ती आजच्या रूपात उभी राहिली. नॅशनल एचआरडी नेटवर्क 1985 पासूनचं. दोन्हींच्या शहरवार शाखा आहेत. ढोबळ मानाने सांगायचं तर एनआयपीएममध्ये कारखान्यातले, आयआर म्हणजे औद्योगिक संबंध सांभाळणारे लोक जास्त भेटतात, तर एनएचआरडीमध्ये आयटी आणि कॉर्पोरेट ऑफिसमधले. याशिवाय उद्योजकांच्या संघटनाही कामगार कायद्यांवर सत्रं ठेवतात. पुण्यात 1934 पासूनची मराठा चेंबर, नाशिकला निमा, छत्रपती संभाजीनगरला सीएमआयए आणि मासिआ, कोल्हापूरला गोशिमा, गोव्यात 1908 पासूनचं गोवा चेंबर. नवख्याने सगळीकडे नाव नोंदवू नये. आपल्या कारखान्याला जवळची एक संस्था धरावी आणि वर्षभर तिथेच नियमित जावं. चेहरा ओळखीचा झाला की मगच लोक मोकळेपणाने बोलतात.

सभेचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच. संध्याकाळी किंवा शनिवारी एक वक्ता, मग प्रश्नोत्तरं, मग चहा. भाषण ऐकाच, पण खरा माल प्रश्नोत्तरांत आणि चहाच्या कपाबरोबर मिळतो. म्हणून विषय आधी कळला की त्यावरची तरतूद मुळातून वाचून जा आणि दोनच प्रश्न वहीत लिहून न्या. प्रश्न विचारताना चार गोष्टी सांगा: कामगार किती, त्यातले कायम किती आणि कंत्राटी किती, घटना कोणत्या महिन्यातली, आणि आतापर्यंत तुम्ही काय केलंत. ‘पीएफचा प्रॉब्लेम आहे, काय करू?’ असं विचारलंत तर ‘कन्सल्टंटला विचारा’ एवढंच उत्तर मिळेल. ‘कामगाराच्या आधारवर आणि यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) जन्मतारीख वेगळी आहे, दुरुस्तीसाठी जॉइंट डिक्लरेशन ऑनलाइन भरलं, ते परत आलं’ असं सांगितलंत तर समोरचा माणूस कोणता कागद जोडायचा तेही सांगेल.

सभांचे विषय वर्षाच्या चक्राप्रमाणे फिरतात, आणि हे चक्र पाठ असलेला नवखा लगेच उठून दिसतो. पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांचं चलन पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, हे तर दर महिन्याचंच. महाराष्ट्रात कामगार कल्याण निधी वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून. कामगाराचे 25 रुपये, मालकाचे 75, आणि भरणा 15 जुलै व 15 जानेवारीपर्यंत. व्यवसाय कर दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाला 2,500. दरमहा 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो लागत नाही, आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ही सुधारणा राहून गेलेली अजूनही सापडते. किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. तो जाहीर व्हायला उशीर झाला तर आधीच्या महिन्यांचा फरक काढावा लागतो, तेव्हा मागच्या हजेरीची अंतिम प्रत वेगळी जपून ठेवा. बोनसचा हिशेब मार्चअखेरच्या वर्षाचा असेल तर 30 नोव्हेंबरच्या आत वाटप हवं. प्रत्यक्षात कामगारांची अपेक्षा दिवाळीच्या आधीची असते, म्हणून वाटाघाटी गणपतीच्या सुमारालाच सुरू होतात.

ईएसआयमध्ये नवखे हमखास एका जागी अडखळतात. पगाराची मर्यादा 21,000 रुपये. समजा जूनमध्ये वाढ मिळून एखाद्याचा पगार 20,500 वरून 22,000 झाला. लगेच कपात थांबवायची नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा एक काळ, ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा. काळाच्या सुरुवातीला जो आत होता तो काळ संपेपर्यंत आतच राहतो, म्हणून 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण 22,000 वर 0.75 टक्के कामगाराचे आणि 3.25 टक्के मालकाचे भरायचे. कपात मध्येच थांबवली की थकबाकी व्याजासकट भरावी लागते, आणि कामगार आजारी पडला तर त्याच्या लाभाचा हिशेब बिघडतो. हे दुसरं नुकसान जास्त वाईट, कारण ते त्याच्या घरात होतं.

कंत्राटदाराच्या बिलावर थोडं सविस्तर सांगायला हवं. अनुभवी मंडळींकडून शिकून घेण्याजोगी ही पहिली गोष्ट. कंत्राटदाराने वेतन थकवलं तर ते देण्याची जबाबदारी शेवटी मुख्य मालकावर येते, म्हणजे तुमच्या कंपनीवर. बिलासोबत हजेरीपत्रक, वेतनपत्रक, बँकेत पैसे जमा झाल्याचा पुरावा, पीएफची ईसीआर (कामगारवार मासिक विवरणपत्र) व चलन आणि ईएसआयची वर्गणी यादी घ्यायची, हे सगळ्यांना माहीत असतं. चूक पुढे होते. नवखा चलनाची रक्कम पाहतो, ‘भरलं’ असा शिक्का पाहतो आणि बिल पुढे पाठवतो. पण कंत्राटदाराचं चलन त्याच्या सगळ्या साइट्सचं एकत्र असतं. रक्कम मोठी दिसते आणि तुमच्या गेटवरची दहा नावं त्यात नसतातही. म्हणून तपासणी नावाने करा. तुमच्या गेटच्या पंचिंगमधून त्या महिन्यात आत आलेल्या प्रत्येक कंत्राटी कामगाराची यादी काढा, ती यूएएननुसार ईसीआरशी जुळवा. मग दोन रकाने बघा: पीएफ वेतन आणि एनसीपी दिवस. एनसीपी म्हणजे ज्या दिवसांची वर्गणी नाही ते दिवस. गेटवर माणसाचे 26 दिवस भरलेत आणि ईसीआरमध्ये एनसीपी 12 दाखवलेत, तर त्याचा पीएफ जेमतेम अर्ध्या पगारावर भरला गेलाय. आकडाही पडताळा. पीएफ वेतन 14,000 असेल तर कामगाराचे 12 टक्के म्हणजे 1,680. मालकाच्या तेवढ्याच रकमेपैकी 8.33 टक्के म्हणजे 1,166 पेन्शनमध्ये आणि उरलेले 514 पीएफ खात्यात. बसत नसेल तर बिल रोखा आणि लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं तपासणीच्या वेळी कामाला येत नाही.

सध्या प्रत्येक सभेत चार श्रम संहितांचीच, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या नव्या कायद्यांचीच, चर्चा असते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या लागू झाल्या. नवख्यासाठी त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेतनाची व्याख्या. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता वगैरे वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनात धरायचा. उदाहरण घ्या: मूळ पगार 10,000, घरभाडे 8,000, प्रवास 7,000, एकूण 25,000. वगळलेले 15,000, निम्मे 12,500. जास्तीचे 2,500 वेतनात आले, वेतन 12,500 झालं. ग्रॅच्युइटी 15 भागिले 26 या हिशेबाने वर्षामागे 5,769 होती, ती 7,212 होते. पगाराचे तुकडे पाडून ग्रॅच्युइटी कमी ठेवण्याची जुनी सवय इथे अडते, आणि ते योग्यच आहे. ठरावीक मुदतीच्या कामगाराला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते, हेही विसरू नका.

दुसरी गोष्ट फुल अँड फायनलची, म्हणजे नोकरी संपताना चुकवायच्या शेवटच्या हिशेबाची. नोकरी सोडली किंवा काढलं, तरी वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचंय. बऱ्याच ठिकाणी महिना-दीड महिना लावायची पद्धत होती. दोन दिवसांत बसवायचं तर नो ड्यूजचा, म्हणजे काही येणं बाकी नाही असा, कागद राजीनाम्याच्या दिवशीच फिरायला लागला पाहिजे. स्टोअर, कँटीन, आयटी, अकाउंट्स यांच्या सह्या नोटीस काळातच झाल्या पाहिजेत. शेवटच्या दिवशी स्टोअरचा माणूस रजेवर असतो, त्यामुळे सहीला पर्यायी नाव आधीच ठरवून ठेवा. वेलफेअर ऑफिसर होऊ इच्छिणाऱ्यांनी आणखी एक नोंद घ्यावी. कारखाना कायद्यात हे पद 500 कामगारांवर बंधनकारक होतं, नव्या संहितेत ते 250 वर आहे.

या विषयावर व्हॉट्सअॅपवर जे फिरतं ते जपून वाचा. सगळ्यात जास्त गोंधळ मसुदा आणि अंतिम नियम यांच्यात होतो. कागदावर हरकती आणि सूचना मागवल्या असतील तर तो मसुदा. त्यावर पगाराची रचना बदलायची नसते. केंद्राचा नियम आहे की राज्याचा, राजपत्राची तारीख कोणती, अंमल कधीपासून, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय साहेबांना काहीही फॉरवर्ड करू नका.

अंतर्गत समितीसाठी बाहेरचा सदस्य शोधायलाही ही मंडळीच उपयोगी पडतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती मागतो. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, आणि एक बाहेरची व्यक्ती. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये या समित्या नीट स्थापन होतात की नाही यावर कडक निर्देश दिले, तेव्हापासून कागदोपत्री समिती चालत नाही. आपल्याच कंपनीकडून नियमित फी घेणारा (रिटेनरवरचा) वकील बाहेरचा सदस्य म्हणून घेऊ नका. तक्रारदाराचा विश्वास तिथेच संपतो. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते, म्हणून बाहेरच्या सदस्याला विचारतानाच विचारा: दोन आठवड्यांत तारीख देता येईल का?

सभेत काय बोलू नये, हेही कळायला हवं. चालू असलेल्या करारातला आकडा, शिस्तभंगाच्या चौकशीतलं नाव, उमेदवाराचा बायोडेटा या गोष्टी टेबलावर येऊ देऊ नका. पगाराची माहिती विचारायचीच असेल तर नेमका आकडा नको, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं विचारा, आणि हातात येणारा पगार, ग्रॉस (कपातीआधीचा) की सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च), बस-कँटीनची कपात धरून की सोडून, हे आधी स्पष्ट करा. नाहीतर दोन कंपन्यांची तुलना फसते. एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत किंवा हेल्परचा दर सगळ्यांनी मिळून अमुकच ठेवायचा, अशी बोलणी कानावर आली तर त्यात सामील होऊ नका. ती स्पर्धा कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतात आणि कामगाराचं पोट मारतात.

सहा महिने नियमित गेल्यावर एखादं काम मागून घ्या. नोंदणीच्या टेबलावर बसणं सोपं, पण सभेचं इतिवृत्त लिहिणं जास्त उपयोगाचं. वक्त्याने सांगितलेला प्रत्येक आकडा आणि कलम त्यासाठी पडताळावं लागतं. शंका आली की वक्त्याला फोन करायचं सयुक्तिक कारण मिळतं. इतिवृत्त दोन दिवसांत, एका पानात, निर्णय आणि तारखा वर आणि चर्चा खाली असं लिहून दिलंत तर पुढच्या सभेचा विषय ठरवताना तुम्हालाही बोलावतील.

नोकरी बदलायची असेल तर सभेत बायोडेटा वाटत फिरू नका. ज्या एका-दोघांनी तुमचं काम पाहिलंय त्यांना वेगळं भेटून सांगा: कोणत्या पट्ट्यात हवी, कायम कामगार असलेला कारखाना हवा की नाही, युनियन हाताळायची तयारी आहे का. सध्याच्या कंपनीतला कुणी त्याच शाखेत सदस्य आहे का, हे मात्र आधी बघून घ्या.